ईपीआर आणि आपला कारखाना : मराठवाड्यातील उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या डाळ मिलपासून वाळूजच्या पाऊच छापणाऱ्या युनिटपर्यंत आणि जालन्याच्या बियाणे कंपन्यांपासून वसमतच्या हळद व्यापाऱ्यांपर्यंत, गेली काही वर्षे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. भर प्लास्टिक पॅकेजिंगवर आहे, कारण आपल्या भागातील बहुतेक उद्योगांचा संबंध तिथेच येतो. ई-कचरा, बॅटरी, टायर आणि वापरलेले तेल यांचा विचार शेवटी थोडक्यात केला आहे.

ईपीआर म्हणजे नेमके काय?

वस्तू किंवा तिचे वेष्टन बाजारात आणणाऱ्याने, ते वापरून झाल्यावर उरणाऱ्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा भार उचलावा, या तत्त्वाला विस्तारित उत्पादक जबाबदारी म्हणतात, आणि व्यवहारात सगळे त्याला ईपीआर असेच म्हणतात. प्लास्टिकपुरते पाहिले तर त्याचा पाया प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये आहे. मात्र कोणाला किती किलोचे उद्दिष्ट आणि ते कसे मोजायचे, याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे 16 फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीने आली. त्यापूर्वी नियम होता, पण त्याला आकडा नव्हता. आकडा आल्यावरच लोकांनी तो गांभीर्याने घेतला, असे माझे निरीक्षण आहे.

हा भार आता कारखानदारावर का, असे विचारणाऱ्यांना मी नारेगावची आठवण करून देतो. फेब्रुवारी 2018 मध्ये तेथील ग्रामस्थांनी गावातील कचरा डेपोला विरोध करत कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तेव्हाच्या औरंगाबाद शहरात रस्त्यारस्त्यावर कचऱ्याचे ढीग साचले. त्या ढिगांतील पाऊच आणि पन्नी कोणीतरी विकलेलीच होती.

आम्ही डाळ तयार करतो. म्हणजे नियमांतील “उत्पादक” आम्हीच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ या एका शब्दाने केला आहे. या नियमांत उत्पादक म्हणजे प्लास्टिकचे वेष्टन तयार करणारा; डाळ, मसाला किंवा बियाणे तयार करणारा नव्हे. आपण स्वतःच्या नोंदणीकृत नाममुद्रेखाली किंवा ट्रेडमार्कखाली माल विकत असाल, तर आपण ब्रँड मालक ठरता. परदेशातून पॅकेजिंग किंवा पॅकेजिंगसह माल आणत असाल, तर आयातदार. प्लास्टिकचे पुनर्चक्रीकरण (रिसायकलिंग) करणारे किंवा अंतिम विल्हेवाट लावणारे ते प्रक्रियाकार. ऑनलाइन विक्रीमंच आणि सुपरमार्केटच्या साखळ्या यांची गणना ब्रँड मालकांबरोबर केली आहे.

एकच संस्था दोन भूमिकांत असू शकते. वाळूजमधील एखादे युनिट दुसऱ्यांसाठी पाऊच छापते आणि स्वतःच्या नावाने फरसाणही विकते, तेव्हा त्याने दोन्ही भूमिकांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. उलट, दुसऱ्याच्या ब्रँडचा माल आपण केवळ मजुरीवर भरून देत असाल, तर त्या पाकिटाचे उद्दिष्ट मुख्यतः ब्रँड मालकाचे असते; मात्र 2024 च्या दुरुस्तीनंतर असे काम करणारेही “उत्पादक” या व्याख्येत येतात.

आम्ही लघुउद्योग आहोत. आम्हाला सूट आहे ना?

ब्रँड मालक सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर त्याच्यावर ईपीआरचे उद्दिष्ट येत नाही, हे खरे आहे. पण “आम्ही लघु” हे म्हणण्यापूर्वी उद्यम नोंदणीचा कागद आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद शेजारी ठेवून पाहावा. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटी अशी, तर लघु उद्योगाची गुंतवणूक 25 कोटी आणि उलाढाल 100 कोटी अशी आहे. त्याआधी लघु उद्योगासाठी हेच आकडे 10 कोटी आणि 50 कोटी होते. दोहोंपैकी एकही मर्यादा ओलांडली, की उद्योग वरच्या गटात जातो.

आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. डाळीचा धंदा यंत्राने लहान आणि उलाढालीने मोठा असतो. किलोला सरासरी शंभर रुपये धरले, तर 100 कोटींची उलाढाल म्हणजे दहा हजार टन माल. वर्षाचे तीनशे दिवस मिल चालली, तर रोजचे अवघे 33 टन. मिलमालकाच्या हाती नफा किलोमागे रुपया-दोन रुपये उरत असला, तरी कायदा नफा पाहत नाही, उलाढाल पाहतो. यंत्रे जुनी, छप्पर पत्र्याचे, मुनीमजी एकटे, आणि तरीही कागदावर उद्योग “मध्यम” झालेला, अशा दोन-तीन मिल तरी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतील एकाही मालकाला ही बाब वेळेवर कळलेली नव्हती. उलाढाल मोजताना निर्यातीची रक्कम वगळली जाते, हेही लक्षात ठेवावे. निर्यात करणाऱ्यांना त्याचा फायदा होऊ शकतो.

आयातदारांना मात्र आकारमानाची अशी सूट दिलेली नाही. म्यानमार किंवा मोझांबिकची तूर आपण स्वतःच्या नावे आयात करत असाल, तर ती ज्या प्लास्टिकच्या कट्ट्यांतून आली, त्या कट्ट्यांचे वजन आपल्या खात्यावर येते. मुंबईच्या आयातदाराकडून तोच माल विकत घेतला असेल, तर जबाबदारी त्या आयातदाराची.

सूट मिळाली म्हणजे त्या प्लास्टिकची जबाबदारीच संपली का?

संपली नाही, ती साखळीत वर सरकली. लघु ब्रँड मालकाला विकलेले पॅकेजिंग हे ते तयार करणाऱ्या उत्पादकाच्या हिशेबात कायम राहते. तो उत्पादकही सूक्ष्म किंवा लघु असेल, तर 2024 च्या दुरुस्तीनंतर तो भार प्लास्टिकचा कच्चा माल बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्यावर जातो. म्हणूनच आपला पाऊच पुरवठादार हल्ली आपल्याकडे उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागतो. त्याला चौकशीची हौस नाही. आपण कोणत्या गटात आहात, यावर त्याच्या खात्यातील किलो कमी-जास्त होतात. ती प्रत वेळेवर द्यावी, आणि गट बदलला तर तेही कळवावे.

कट्टे, बारदाना, ठिबकच्या नळ्या, मल्चिंगची पन्नी: यांतले काय मोजायचे?

तागाचा बारदाना प्लास्टिक नाही, तो मोजू नये. पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या कट्ट्यावर आपला नोंदणीकृत ब्रँड छापून त्यातून तीस किंवा पन्नास किलो डाळ विकत असाल, तर तो कट्टा प्लास्टिक पॅकेजिंग आहे आणि मोजला पाहिजे. “आम्ही किरकोळ पाकिटे करतच नाही, फक्त कट्टे विकतो,” असे सांगून अनेक जण स्वतःला बाहेर समजतात. ते चूक आहे.

ठिबकची नळी आणि मल्चिंगची फिल्म ही शेतीची साधने आहेत, वेष्टने नव्हेत. त्यामुळे पॅकेजिंगच्या ईपीआरमध्ये ती येत नाहीत. बांधावर साचणाऱ्या त्या फिल्मचा प्रश्न खरा आणि गंभीर आहे, पण तो या हिशेबाचा भाग नाही. बियाण्याची पिशवी मात्र वेष्टन आहे.

प्लास्टिकचे वर्ग कोणते, आणि आमचे पाऊच कोणत्या वर्गात बसते?

पहिल्या वर्गात बाटली, डबा, बरणी अशी कडक वेष्टने येतात. दुसऱ्या वर्गात लवचीक प्लास्टिक येते, मग ते एका थराचे असो वा वेगवेगळ्या प्लास्टिकच्या अनेक थरांचे. तिसरा वर्ग बहुस्तरीय वेष्टनांचा असून त्यात प्लास्टिकच्या थराबरोबर किमान एक थर प्लास्टिकेतर पदार्थाचा असतो, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम फॉइलचा किंवा कागदाचा. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी स्वतंत्र चौथा वर्ग आहे आणि जैवविघटनशील प्लास्टिकचा वर्ग नंतर जोडण्यात आला.

व्यवहारात गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांत होतो. पाऊच चकाकते म्हणून त्यात फॉइल असेलच असे नाही. पुष्कळदा ती केवळ धातूचा मुलामा दिलेली फिल्म असते. वर्ग डोळ्यांनी ठरवू नये. पुरवठादाराकडून प्रत्येक डिझाइनच्या थरांची रचना लेखी घ्यावी आणि त्यावर त्याचा शिक्का घ्यावा. उद्दिष्ट पूर्ण केल्याचा पुरावा म्हणून लागणारी ईपीआर प्रमाणपत्रे वर्गनिहाय असतात. तिसऱ्या वर्गाची तूट दुसऱ्या वर्गाच्या शिलकीने भरून काढता येत नाही, त्यामुळे इथली चूक पुढे महाग पडते.

आमच्याकडे पाऊच नगावर किंवा रोलवर येतात. त्यांचे वजन कसे काढायचे?

माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि नेमका तोच सर्वांत कमी विचारला जातो. ईपीआरचा कायदा शेवटी किलोत बोलतो. ज्याच्याकडे वजन आहे त्याच्याकडे उत्तर आहे. बाकी सर्व अंदाज.

एका मिलमध्ये आम्ही असे केले. एक किलोच्या तूरडाळीचे शंभर कोरे पाऊच मोजून घेतले, त्यांवरची धूळ झटकली आणि दाणे तपासायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. वजन 720 ग्रॅम भरले, म्हणजे एका पाऊचचे 7.2 ग्रॅम. दुसऱ्या लॉटचे शंभर घेतले तर 731 ग्रॅम. दोन्ही आकडे, लॉट क्रमांक आणि तारीख वहीत लिहून काट्याचा फोटो त्या पानाला जोडला. वर्षाला बारा लाख पाऊच लागत असतील, तर 7.2 ग्रॅमप्रमाणे ते 8,640 किलो होतात. मालकांनी त्याआधी तोंडी सांगितलेला अंदाज होता “असेल टन-दीड टन.” रोलवर माल येत असेल तर काम आणखी सोपे असते, कारण बिलावर किलो लिहिलेलेच असतात; फक्त पुठ्ठ्याच्या गाभ्याचे वजन वजा करायला विसरू नये.

बाहेरची पन्नी, पाऊचांचा गठ्ठा बांधणारी पारदर्शक फिल्म, प्लास्टिकची चिकटपट्टी या गोष्टी सुटून जातात. त्या क्षुल्लक वाटतात. वर्षाच्या शेवटी क्षुल्लक राहत नाहीत.

उद्दिष्ट कसे निघते? एखाद्या उदाहरणाने सांगाल का?

उत्पादकासाठी सूत्र असे आहे: मागील दोन आर्थिक वर्षांत विकलेल्या पॅकेजिंगच्या वजनाची सरासरी, अधिक ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच निघालेल्या प्लास्टिक कचऱ्याची सरासरी, वजा जबाबदारी असलेल्या ब्रँड मालकांना पुरवलेले वजन. समजा एका युनिटची पहिली सरासरी 48 टन, दुसरी 2 टन आणि मोठ्या ब्रँडना दिलेले 30 टन आहे. मग उरतात 20 टन, आणि 2023-24 पासून या संपूर्ण शंभर टक्के वजनाची जबाबदारी घ्यावी लागते. 2021-22 मध्ये हे प्रमाण 25 टक्के आणि 2022-23 मध्ये 70 टक्के होते. ब्रँड मालकाला वजाबाकी नाही. त्याच्यासाठी पहिल्या दोन आकड्यांची बेरीज.

पुढचा टप्पा पुनर्चक्रीकरणाच्या किमान प्रमाणाचा. 2025-26 साठी पहिल्या वर्गात ते 60 टक्के, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांत 40 टक्के आहे, आणि 2027-28 पर्यंत ते दरवर्षी दहा-दहा टक्क्यांनी वाढत अनुक्रमे 80 आणि 60 टक्क्यांवर जाते. वरील 20 टन तिसऱ्या वर्गातील असतील, तर किमान 8 टन पुनर्चक्रित झाल्याची प्रमाणपत्रे हवीत. उरलेल्या 12 टनांतील ज्या प्लास्टिकचे पुनर्चक्रीकरण शक्य नाही, ते रस्तेबांधणी, ऊर्जानिर्मिती किंवा सिमेंट भट्टीतील सहप्रक्रिया अशा अंतिम विल्हेवाटीत दाखवता येते.

याशिवाय 2025-26 पासून नव्या वेष्टनात पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्याचे प्रमाणही ठरवले आहे: पहिल्या वर्गात 30 टक्के, दुसऱ्यात 10 आणि तिसऱ्यात 5. खाद्यपदार्थांच्या बाबतीत दुसऱ्या एखाद्या कायद्यामुळे असे प्लास्टिक वापरता येत नसेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रकरणपरत्वे सवलत देऊ शकते. पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

नोंदणी कोठे करायची?

नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरच होते, पण अर्ज कोण तपासणार हे आपल्या व्याप्तीवर ठरते. व्यवसाय एक किंवा दोन राज्यांत असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि दोनपेक्षा जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळ. लातूर आणि नांदेडच्या व्यापाऱ्यांचा माल कर्नाटक आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांत जातो. महाराष्ट्र धरून तीन राज्ये झाली, म्हणजे अर्ज केंद्रीय मंडळाकडे. जीएसटीची विवरणे काढून माल कोणकोणत्या राज्यांत विकला, ते आधी पाहावे. कंपनीचा पॅन, जीएसटी क्रमांक, अधिकृत व्यक्तीची ओळखपत्रे, कारखाना असल्यास मंडळाची संमती आणि वर्गनिहाय वजनाची आकडेवारी ही कागदपत्रे लागतात.

आम्ही पॅकिंगची रद्दी भंगारवाल्याला देतो. तेवढ्याने भागत नाही का?

भागत नाही. त्यातून भंगारवाल्याचे पोट भरते आणि आपले गोदाम रिकामे होते, या दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण ईपीआरच्या खात्यावर त्याची नोंद होत नाही. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत प्रक्रियाकाराला आहे. आणि ते प्रमाणपत्र त्याच्या पोर्टलवरील खात्यातून आपल्या पोर्टलवरील खात्यात जमा होते. कागदावर, पीडीएफवर किंवा व्हॉट्सॲपवर येत नाही.

हे ठळकपणे सांगण्याचे कारण आहे. माझ्या ओळखीच्या एका उद्योजकाने एका मध्यस्थाला आगाऊ पैसे देऊन सुंदर रंगीत, होलोग्राम लावलेले “प्रमाणपत्र” घेतले आणि ते फ्रेम करून कार्यालयात लावले. पोर्टलवर त्याच्या खात्यात शून्य किलो होते. 2023 मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली होती, तेव्हा प्रक्रियाकार नोंदणीकृत आहे एवढे पाहूनही थांबू नये. त्याची क्षमता आणि त्याने विकलेली प्रमाणपत्रे यांचा मेळ बसतो का, हेही विचारावे. दर अवास्तव कमी असेल तर सावध व्हावे. प्रमाणपत्राच्या किमतीची कमाल आणि किमान मर्यादा, उद्दिष्टातील तुटीवर लागणाऱ्या पर्यावरणीय भरपाईच्या अनुक्रमे 100 आणि 30 टक्के अशी ठरलेली आहे.

उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तर काय होते?

तुटीवर पर्यावरणीय भरपाई लावली जाते. ती भरली म्हणजे सुटका झाली, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे: भरपाई भरूनही तूट तीन वर्षांपर्यंत पुढे ओढली जाते. ती पहिल्या वर्षात भरून काढली तर भरपाईची 75 टक्के रक्कम परत मिळते, दुसऱ्या वर्षात 60 टक्के आणि तिसऱ्या वर्षात 40 टक्के. त्यानंतर काहीच नाही. याखेरीज पर्यावरण संरक्षण अधिनियम, 1986 खाली दंड आहेच. 1 एप्रिल 2024 पासून तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद लागू झाली.

पाकिटावर क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे का?

1 जुलै 2025 पासून वेष्टनाविषयीची विहित माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडमधून, माहितीपत्रकातून किंवा अन्य कायद्याखाली मिळालेल्या विशिष्ट क्रमांकाद्वारे देण्याची मुभा आहे. यांपैकी जो मार्ग निवडाल, तो केंद्रीय मंडळाला कळवावा. पाकिटाच्या छपाईचे सिलिंडर नव्याने कोरायला टाकण्याआधी हा निर्णय घ्यावा; नंतर बदल करणे खर्चिक ठरते.

आमचे साधे किराणा दुकान आहे. आम्हाला काय लागू आहे?

ईपीआरची नोंदणी नाही, पण बंदीचे नियम आहेत. महाराष्ट्राच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनुसार प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर जाडी कितीही असली तरी बंदी आहे. केंद्राच्या नियमांत 120 मायक्रॉनची मर्यादा आहे म्हणून “माझी पिशवी जाड आहे” हा युक्तिवाद आपल्या राज्यात टिकत नाही. दंड पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, आणि तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. 1 जुलै 2022 पासून काड्या, स्ट्रॉ, प्लेट, कप, चमचे यांसारख्या एकल वापराच्या वस्तूंवर देशभर बंदी आहे.

ई-कचरा, बॅटरी, टायर आणि तेल यांचे काय?

ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू असून त्यांत 106 प्रकारची उपकरणे येतात. उद्दिष्ट 2025-26 मध्ये 70 टक्के आहे आणि 2027-28 पासून 80 टक्के होईल. इथे सूट केवळ सूक्ष्म उद्योगांना आहे, लघु उद्योगांना नाही, हा प्लास्टिकपेक्षा वेगळा मुद्दा जुळणी करून स्वतःच्या नावाने उपकरणे विकणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. बॅटरीसाठी ऑगस्ट 2022 चे, तर टायरसाठी जुलै 2022 चे नियम आहेत. वापरलेल्या तेलाची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून सुरू झाली. वाळूज आणि शेंद्र्याच्या बहुतेक कारखान्यांना तेलाच्या बाबतीत ईपीआरचे उद्दिष्ट नसते, कारण ते तेल वापरणारे आहेत, बनवणारे नव्हेत. पण निघालेले जुने तेल अधिकृत व्यक्तीलाच देणे आणि त्याची नोंद ठेवणे त्यांना चुकत नाही.

वार्षिक विवरण कधी भरायचे, आणि शेवटच्या दिवसांत पोर्टल चालले नाही तर?

मुदत पुढील आर्थिक वर्षाच्या 30 जूनपर्यंत असते. ती यापूर्वी अनेकदा वाढवली गेली आहे, पण त्या भरवशावर राहू नये. जूनच्या अखेरच्या आठवड्यात पोर्टलचे चक्र फिरत राहते आणि ओटीपी येत नाही, हा अनुभव मी स्वतः रात्री साडेअकराला घेतला आहे. त्या वेळी पडद्याचा तारीख-वेळेसह फोटो काढून मदतकक्षाला ईमेल पाठवावा आणि त्याची प्रत फाइलला लावावी. त्यापेक्षा एप्रिलमध्ये सीए ताळेबंदासाठी खरेदीची बिले मागतात, तेव्हाच पॅकेजिंगची बिले वेगळी काढून त्यांवर वर्ग आणि किलो पेन्सिलीने लिहून ठेवले, तर विवरण भरायला अर्धा दिवस पुरतो.